दोन छाटण्यांमधली सुट्टी

वारूळवाडी कुठे संपते आणि नारायणगाव कुठे सुरू होतं, हे पुणे-नाशिक रस्त्यावरून जाणाऱ्या परक्या माणसाला कळणारही नाही. टोमॅटोचा बाजार, द्राक्षबागा, मुक्ताबाईची यात्रा आणि तमाशाच्या राहुट्या यांच्यासाठी जुन्नर तालुक्याचा हा पट्टा महाराष्ट्रभर ओळखला जातो. परदेशी माणूसही इथे नवा नाही. शेजारच्या खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना असलेली रेडिओ दुर्बीण आहे आणि जगभरचे खगोलशास्त्रज्ञ तिच्यासाठी नारायणगावच्या स्टँडवरून पुढे जात आले आहेत. गेल्या पंचवीसेक वर्षांत मात्र उलटी ये-जा वाढली. पुण्यात इंजिनिअर झालेली, हिंजवडी-चाकणला नोकरीला लागलेली मुलं-मुली तिथूनच न्यू जर्सी, डॅलस, लंडन, म्युनिक, सिडनीला गेली. लग्नं झाली, तिकडे घरं झाली, नातवंडं झाली. रविवारच्या व्हिडिओ कॉलवर ठरलेलं वाक्य येतं: "आई, दादा, आता तुम्ही या निवांत."

आणि इकडून ठरलेलं उत्तर जातं: "येऊ की. पण बागेचं काय? आन् तिकडं दिवसभर करायचं तरी काय?"

हे दोन प्रश्न टाळाटाळीचे वाटतात, पण तसे ते नाहीत. मुलांकडची सुट्टी खरोखर निवांत होणार की सहा महिन्यांची कोंडी होणार, हे या दोन प्रश्नांच्या उत्तरांवरच ठरतं.

आधी बागेचं. पगारदार माणसाची रजा साहेब देतो, द्राक्षवाल्याची रजा वेल देते. फळं उतरली की एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते. त्यानंतरचे साठ-सत्तर दिवस फार मोलाचे, कारण पुढच्या हंगामाचे घड याच काळात काडीच्या डोळ्यात तयार होत असतात. विरळणी, शेंडा मारणं, सबकेन, पाण्याचा हिशेब, यातलं काहीही चुकलं तरी त्याची किंमत फेब्रुवारीत मोजावी लागते. जून उजाडला, काडी पिकू लागली की जीव जरा खाली पडतो. पावसाळ्यात डाउनी रोगाच्या फवारण्या असतातच, पण त्या माहीतगार माणसावर सोपवता येतात. मग ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी येते आणि तिथून माल उतरेपर्यंत मालकाला बाग सोडता येत नाही. म्हणजे द्राक्षवाल्याला मोकळा काळ मिळतो तो जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत, साडेतीन महिने.

योगायोग असा की अमेरिकेतल्या शाळांची मोठी सुट्टी याच दिवसांत येते. न्यू जर्सीत जूनच्या उत्तरार्धात शाळा बंद होतात त्या सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात उघडतात. हवा उबदार असते, जूनमध्ये रात्री साडेआठपर्यंत उजेड असतो. ज्या गावात बिबट्याच्या धास्तीनं दिवस मावळला की पोरांना घरात घेतात, तिथल्या माणसांना जेवण उरकून उजेडात फिरायला जाणं ही मोठी चैन वाटते. टोमॅटोवाल्याचं गणित मात्र अवघड. उन्हाळी तोडा संपतो न संपतो तोच पावसाळी लागवड उभी असते. त्यांच्यात एका वर्षासाठी रान भावाला वाट्यानं देऊन जाण्याची रीत आहे. गोठ्यात दुभती गाय असली तर तिची सोय विमानाच्या तिकिटाआधी लावावी लागते.

म्हाताऱ्या आईबापांनी समुद्र ओलांडून लेकाकडे जाणं हे आजचंच नाही. महर्षी धोंडो केशव ऊर्फ अण्णा कर्वे डिसेंबर १९३० मध्ये आफ्रिकेला निघाले तेव्हा त्यांनी बहात्तरी ओलांडली होती. त्यांचे चिरंजीव डॉ. शंकर कर्वे मोंबासाला वैद्यकी करत होते. मुलाकडे जाऊन स्वस्थ बसणं अण्णांना जमणारं नव्हतं. त्यांनी केनिया, युगांडा, टांगानिका, झांझिबार ते दक्षिण आफ्रिका असा सुमारे पंधरा महिन्यांचा दौरा केला आणि आपल्या स्त्रीशिक्षणाच्या कामाची माहिती तिथल्या लोकांपर्यंत नेली. त्यानंतर मराठी मनात बसलं ते वेगळंच चित्र: १९७०च्या दशकातल्या जयवंत दळवींच्या 'संध्याछाया' नाटकातलं, परदेशी गेलेल्या मुलाची वाट पाहणारं थकलेलं जोडपं. तेव्हा फोन महाग होता, विमान त्याहून महाग होतं. आता वाट पाहणारेच उठून जाऊ शकतात. हा बदल मोठा आहे आणि चांगला आहे. फक्त अण्णांसारखं तिकडे स्वतःचं काही काम असलं पाहिजे.

त्याआधी कागदपत्रं. इथे गैरसमज फार. अमेरिकेचा पर्यटक व्हिसा बहुधा दहा वर्षांचा मिळतो म्हणून दहा वर्षं राहता येतं असं नाही. प्रत्येक वेळी किती दिवस राहायचं, हे तिकडच्या विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. साधारणपणे सहा महिने मिळतात. ती तारीख 'आय-९४' नावाच्या नोंदीत असते आणि ती नोंद मुलानं घरी पोचल्याबरोबर इंटरनेटवर पाहून घ्यावी. त्या तारखेपलीकडे राहिलं तर पुढच्या खेपेची वाट बंद होऊ शकते. व्हिसाची मुलाखत मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत होते. इंग्रजी येत नाही म्हणून घाबरण्याचं कारण नाही, मराठीत बोलण्याची सोय आहे. अधिकाऱ्याला एकच खात्री हवी असते: ही माणसं परत येणार. शेतकरी पिशवीभर सातबारे घेऊन जातात, ते न्यावेत, पण पुष्कळदा कागद उघडलेही जात नाहीत. "बाग आहे, ऑक्टोबरला छाटणी आहे, त्याआधी यावंच लागतं" हे सरळ उत्तर चांगलं, कारण ते खरं असतं.

इतर देशांचे नियम निराळे. ब्रिटनमध्ये एका खेपेला सहा महिने. जर्मनी-फ्रान्सच्या शेंगेन गटात कोणत्याही १८० दिवसांत फक्त ९० दिवस आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा. कॅनडानं आईवडील आणि आजीआजोबांसाठी २०११ च्या डिसेंबरात 'सुपर व्हिसा' आणला, त्यावर आता एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं. मात्र एक लाख कॅनेडियन डॉलरचं आरोग्यविम्याचं संरक्षण दाखवावं लागतं.

विमा अमेरिकेला जाताना सक्तीचा नाही, आणि तिथेच तो सगळ्यात गरजेचा. तिथलं सरकारी 'मेडिकेअर' पाहुण्यांसाठी नाही. तातडीच्या विभागात एक रात्र काढावी लागली तरी येणारं बिल बागेच्या हंगामाचा नफा खाऊन जाऊ शकतं. पॉलिसी घेताना एकच ओळ नीट वाचून घ्यावी: आधीपासून असलेल्या मधुमेहाचं, रक्तदाबाचं, हृदयविकाराचं काय? बहुतेक स्वस्त पॉलिसी तिथेच हात वर करतात. गोळ्या मूळ पाकिटांत, हातातल्या बॅगेत आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्याव्यात. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव असावं, कारण आपल्याकडचा ब्रँड तिकडच्या दुकानदाराला माहीत नसतो.

मग बॅगा. इथे आईचा शब्द चालतो. जुन्नर-नारायणगावच्या माणसाला परदेशात सगळ्यात जास्त आठवते ती मासवडी, आणि तिचं सारण म्हणजे तीळ, सुकं खोबरं, लसूण, खसखस. यातलं सुकं खोबरं मार्च २०२२ पासून भारतातल्या विमानांत चेक-इन सामानात चालत नाही. त्यात तेल जास्त, ते पेट घेऊ शकतं, म्हणून नागरी विमान सुरक्षा विभागानं ते बंदीच्या यादीत टाकलं. खसखशीचं आणखी गंभीर. दुबई-अबुधाबीत आणि सिंगापुरात ती अमली पदार्थांच्या कायद्यात येते. लेक दुबईला असेल, किंवा विमान दुबईत बदलायचं असेल, तर खसखस घरीच ठेवावी. बाकी कोरडा मसाला, लाडू, चकली यांना बहुतेक ठिकाणी अडचण येत नाही.

आंब्याचा मोह आवरावा. जुन्नरचा हापूस कितीही गोड असला तरी पिशवीतून नेलेला आंबा अमेरिकेच्या विमानतळावर काढूनच घेतात. भारतीय आंब्याला अमेरिकेचं दार २००७ मध्ये उघडलं, तेही किरणोत्सर्गाची प्रक्रिया केलेल्या पेट्यांना. ती पहिली प्रक्रिया नाशिक जिल्ह्यात लासलगावला, मूळच्या कांद्यासाठी उभारलेल्या केंद्रात झाली होती. ऑस्ट्रेलिया तर बियाणं आणि शेतमालाच्या बाबतीत फारच कडक. तिथे नियम सोपा आहे: खाण्याचं जे काही असेल ते उतरताना द्यायच्या प्रवासी कार्डावर लिहावं. लिहून दिलेल्या वस्तूबद्दल दंड होत नाही, फार तर ती ठेवून घेतात. लपवलेलीबद्दल होतो. शेतकऱ्याला हे पटायला वेळ लागू नये, बाहेरून आलेली कीड काय करते हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक?

जून-जुलैत मुंबई विमानतळाला जाताना माळशेज घाटाचा रस्ता जवळचा असला तरी धुकं आणि दरडींचा असतो. पुण्यावरून द्रुतगती मार्गानं गेलेलं बरं. विमानात दर तास-दोन तासांनी उठावं, बसल्या जागी पावलं हलवावीत. तासन् तास पाय लोंबकळत राहिले की पिंढरीत रक्ताची गाठ होण्याचा धोका असतो. न्यू जर्सीचं घड्याळ उन्हाळ्यात आपल्यामागे साडेनऊ तास असतं. झोपेची घडी बसायला आठवडा जातोच, तोवर मुलानं कुठलीही सहल ठरवू नये.

आता दुसरा प्रश्न: दिवसभर करायचं काय?

पहिले पंधरा दिवस कौतुकात जातात. मग सकाळी मुलगा-सून कामाला, नातवंडं उन्हाळी शिबिराला, आणि घरात दोघंच. रस्त्यावर चिटपाखरू नाही, गाडी चालवता येत नाही, दुकान चालत जाण्यासारखं नाही. आयुष्यभर पहाटे पाचला उठून रानात गेलेल्या माणसाला हा रिकामपणा आजारासारखा लागतो. मुलं मग शनिवार-रविवारी नायगारा, स्वातंत्र्यदेवीचा पुतळा, लास वेगास दाखवतात. ते बघावंच. पण त्यानं सोमवार ते शुक्रवार भरत नाही.

वारूळवाडीच्या पाहुण्याकडे एक गोष्ट आहे जी शहरी आईबापांकडे नसते: त्याला शेती कळते, आणि शेती सगळीकडे आहे. मुलगा डॅलसला असेल तर तासा-सव्वा तासाच्या रस्त्यावर डेनिसन नावाचं गाव आहे. तिथे टी. व्ही. मन्सन नावाच्या माणसानं एकोणिसाव्या शतकात टेक्सासच्या रानावनांतून जंगली द्राक्षवेली गोळा केल्या. फ्रान्सच्या बागा मुळांवरच्या फायलॉक्सेरा किडीनं उद्ध्वस्त झाल्या तेव्हा टेक्सासची खुंटं तिकडे गेली आणि फ्रान्सनं १८८८ मध्ये त्याचा सन्मान केला. त्याच रानवेलींपैकी एक म्हणजे डॉगरीज. खारं पाणी, क्षारपड जमीन, पाण्याचा ताण सोसणारी म्हणून महाराष्ट्रातल्या द्राक्षवाल्यांनी तिचीच खुंटं लावली आणि त्यांवर कलमं भरली. जुन्नरच्या कितीतरी बागा आज टेक्सासच्या मुळांवर उभ्या आहेत. डेनिसनमध्ये मन्सनच्या जातींची स्मृतिबाग आहे. आपल्या वेलीचं माहेर बघायला मिळणं, ही कुठल्याही सहल कंपनीच्या यादीत नसलेली गोष्ट.

कॅलिफोर्नियात मुलगा असेल तर फ्रेस्नोकडे जावं. आपल्याकडचं थॉमसन सीडलेस हे नाव कॅलिफोर्नियातल्याच विल्यम थॉमसनचं, १८७०च्या दशकात त्यानं ही जात त्या राज्यात रुजवली. पुढे महाराष्ट्रात तिच्यातूनच तास-ए-गणेश, सोनाका निघाल्या. ऑगस्टअखेर ते सप्टेंबरात फ्रेस्नोच्या बागांत घड तोडून दोन ओळींच्या मध्ये कागदावर पसरतात आणि उन्हातच बेदाणा होतो. तासगाव-सांगलीकडे तो शेडमध्ये जाळ्यांवर सुकतो. तिकडेही सप्टेंबरात अवकाळी पाऊस आला की शेतकऱ्याच्या काळजाचं पाणी होतं. यावर दोन द्राक्षवाल्यांचं बोलणं नातवाला मध्ये बसवून तासभर चालू शकतं. नातवालाही त्या दिवशी कळतं की आपला आजोबा या विषयातला जाणकार आहे.

न्यू जर्सीत तर टोमॅटोच. तिथल्या लोकांना आपल्या टोमॅटोचा नारायणगावकरांइतकाच अभिमान आहे. रटगर्स विद्यापीठानं १९३४ मध्ये काढलेली 'रटगर्स' जात एके काळी सूप आणि डब्यांच्या कारखान्यांत प्रचंड खपे. नंतर ती मागे पडली, आणि विद्यापीठाच्या अडीचशेव्या वर्षी, २०१६ मध्ये, तिची सुधारित जात परत आणली. परसात लावायला तिचं बी मिळतं. मेच्या मध्यावर हिमकण पडायचे थांबले की रोपं लावतात. जूनमध्ये पोचलेल्या आजोबांना मुलानं आधी लावून ठेवलेली चार रोपं दिली, तर काठी, सुतळी, बगलफूट काढणं, सगळा उन्हाळा कामी लागतो. मेथी-कोथिंबीर तर महिन्याभरात ताटात येते. स्वतः तोडून वजनावर घ्यायची शेतंही आसपास पुष्कळ: जूनमध्ये स्ट्रॉबेरी, जुलैत ब्लूबेरी. ही ब्लूबेरी रानातून शेतात आली तीसुद्धा याच न्यू जर्सीत. एलिझाबेथ व्हाइट या शेतमालकाच्या मुलीनं रानात जाणाऱ्या लोकांकडून उत्तम झुडपं शोधून घेतली आणि १९१६ मध्ये पहिलं पीक बाजारात नेलं.

आजीचा प्रश्न वेगळा, आणि त्यावर घरात मोकळेपणानं बोललं जात नाही. आजोबांना 'दिवसभर काय करू' असतं, आजीला पुष्कळदा उसंतच नसते. बाळंतपणाला गेलेली आई तर कामालाच गेलेली असते. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाळाला तेल लावणं. ओवा-बाळंतशेपेची धुरी दिली की छतावरचा धुराचा भोंगा वाजतो, तेव्हा ती तिकडे सोडूनच द्यावी. हे सगळं ती आनंदानं करते, पण त्याला सुट्टी म्हणू नये. सुट्टीला बोलावलं असेल तर स्वयंपाक रोज तिच्याकडे जाऊ नये, दोन दिवस मुलानं आणि सुनेनं करावा, एक दिवस बाहेर जेवावं. नातवंडं सांभाळण्याचे तास आधी ठरवावेत. लेकीकडे गेलेल्या आईला हे बोलायला सोपं जातं, सुनेकडे गेलेल्या सासूला अवघड. म्हणून ते मुलानं बोलावं.

आजीला मैत्रिणी मिळाल्या की सगळं सुरळीत होतं, आणि त्या मिळण्याची जागा म्हणजे मराठी मंडळ. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, त्याची स्वतःची वास्तू आहे. उत्तर अमेरिकेतल्या मंडळांची मिळून बृहन्महाराष्ट्र मंडळ ही संस्था १९८१ मध्ये शिकागोत स्थापन झाली आणि दर दोन वर्षांनी तिचं मोठं अधिवेशन भरतं. जूनमध्ये गेलेल्या पाहुण्यांना गणपती तिकडेच येतात. तिथे ज्येष्ठांना मान असतो तो उगाच नव्हे, उकडीच्या मोदकाची पारी हातानं वळणारी, सगळ्या आरत्या तोंडपाठ असणारी माणसं तिथे हवीच असतात. ओझर आणि लेण्याद्री हे दोन अष्टविनायक ज्यांच्या तालुक्यात, त्यांना तिकडच्या पोरांना सांगण्यासारखं बरंच काही असतं. मुलानं आईवडील पोचण्याआधीच मंडळाला कळवून ठेवावं, आठवड्यातले दोन दिवस भरून निघतात.

निवृत्त शिक्षक आणि सरकारी नोकरांना बागेची घाई नसते, ते दिवाळीपर्यंत राहू शकतात. न्यूयॉर्क शहरात २०२४ पासून दिवाळीला शाळांना सुट्टी असते, म्हणजे नातवंडं घरी. त्यांनी लक्षात ठेवायचं ते एवढंच की पेन्शनसाठी हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यावा लागतो. 'जीवन प्रमाण'मध्ये मोबाइलवर चेहरा दाखवूनही तो देता येतो. भारतीय वकिलातीकडूनही मिळतो. निघण्यापूर्वी आपल्या बँकेत आणि कोषागारात विचारून ठेवावं, नाहीतर सिडनीत बसून डिसेंबरची पेन्शन का आली नाही याचा शोध घेत बसावं लागतं.

द्राक्षवाल्यांनी परतीचं तिकीट सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्याचं काढावं. घरी आल्यावर झोप जागेवर यायला आठ दिवस, मग मजुरांची टोळी ठरवायची, काडी तपासून घ्यायची, छाटणीचा दिवस धरायचा. पुढच्या उन्हाळ्यात जायचं असेल तर पासपोर्टचं काम या दिवाळीतच उरकलेलं बरं, कारण व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळायलाच महिनोन् महिने लागू शकतात आणि माल उतरायच्या दिवसांत मुंबईला हेलपाटा घालायला घरातलं कुणी मोकळं नसतं.